पहिल्या नोकरीत वर्ष काढायचं कसं?

मित्रांनो, इथे कोणी जुना ट्रक ड्रायव्हर असेल तर प्लीज सांगा, पहिली नोकरी किती दिवस धरून ठेवायची?

मला पाच महिने झालेत. आज दुपारी कल्याणला पत्रीपुलाचा उतार उतरताना ब्रेक लागलाच नाही. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. पुढच्या रिक्षात एक बाई बाळ घेऊन बसलेली. वीतभर अंतर राहिलं.

शेठला फोन केला, तर म्हणे, "नवीन आहेस म्हणून घाबरतोस. वर्ष काढ, सवय होईल."

संध्याकाळी त्याने गाडीला नवीन लिंबू-मिरची बांधली. ब्रेक तसाच!

नोकरी सोडली तर वर्षाच्या अनुभवाशिवाय दुसरीकडे कोणी उभं करत नाही.

उद्या सकाळी तीच गाडी, तोच पूल. जाऊ का?