वल्ह्याचं पातं

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतो, आणि सरळच सांगतो — गुळमुळीत बोलायची मला सवय नाही.

ऊर्जानगरजवळच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या फाटकापाशी ट्यूलिपचं झाड आहे — लाल-केशरी फुलांचं, ज्याच्या कळ्या दाबून पोरं एकमेकांवर पाणी उडवतात तेच. शास्त्रीय नाव स्पॅथोडिया. हे नाव आलं कुठून? मी दरवर्षी ठासून सांगायचो — स्पॅथो नावाच्या कुण्या साहेबावरून. असा साहेब होता तरी का? कुणी विचारलं नाही, मीही शोधलं नाही.

मग वर्गात शालू आली. इरई नदीत मासे धरणाऱ्या ढिवराची पोर, हुशार. त्या वर्षी नागपूरच्या विज्ञान मेळाव्याला एकच विद्यार्थी पाठवायचा होता. तिथे चमकलं की पुढच्या शिक्षणाची सोय होणार होती, आणि निवड माझ्या हातात होती. मी वर्गात साहेबाचं सांगितलं, तशी शालू हातात कळी घेऊन उभी राहिली. "सर, साहेब नाई. लायब्ररीत वाचलं मी, ग्रीकमंदी स्पॅथे म्हंजे रुंद पातं. हे कळीवरचं टरफल पाहा नं, आमच्या डोंग्याच्या वल्ह्यासारखंच हाय."

मला काय झालं? राग आला — दुसरं काही नाही. ढिवराच्या पोरीनं मला ग्रीक शिकवावं? मी म्हणालो, वल्हं घरी ठेवत जा, इथं आपण मासे धरत नाही. वर्ग खो-खो हसला. ती खाली बसली. नागपूरला मी दुसऱ्यालाच पाठवलं.

वर्ग हसला त्याच संध्याकाळी मी शब्दकोश उघडला होता. तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला काय लागत होतं? — नाही सांगितलं. दिवाळीनंतर तिनं कॉलेज सोडलं. पुढच्या वर्षापासून मी वल्ह्याचंच उदाहरण द्यायला लागलो. पोरं म्हणायची, सर किती सोपं करून सांगतात. मला ते आवडायचं.

गेल्या महिन्यात त्या झाडाला पाटी लावली. मजकूर माझा, वल्ह्यासकट, खाली माझं नाव. इतक्या वर्षांनी शालू भाचीच्या प्रवेशासाठी आली होती. पाटी वाचून थांबली.

"वल्ह्याचं कोनं सांगतलं, सर?"

तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो — पुस्तकात आहे.

पुस्तकात नुसतं पातं आहे. वल्हं तिनं आणलं होतं.