अश्विनीची मुलाखत

गाडी झाशीत शिरू लागली आणि खिडकीतून टेकडीवरचा किल्ला दिसला, तेव्हा मी मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होते. 'नोकरी कशी मिळवावी' हा माझा हातखंडा विषय. नाशिकला मी मुलाखतीच्या तयारीचे वर्ग घेते, वर्तमानपत्रात सदर लिहिते. लोक मला 'मुलाखतवाल्या बाई' म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. झाशीतल्या मराठी मंडळींनी दोन शब्द सांगायला बोलावलं होतं. मी दोन शब्दांवर कधीच थांबत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

स्टेशनवर वसंतराव आले होते. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातले. "आइए ताई, प्रवास ठीक झाला ना?" त्यांच्या मराठीत हिंदी अशी सहज मिसळलेली होती की थोड्या वेळानं मीही 'हां जी' म्हणू लागले. घरी काकूंनी पोहे-जलेबी पुढे ठेवली आणि दुपारी बरे (उडदाचे वडे, ताकात भिजवलेले). ऊन असं होतं की अंगणातल्या दगडावर पाय ठेववत नव्हता.

भाषण झालं. तरुण मुलं मराठी समजून माना डोलवत होती आणि प्रश्न हिंदीत विचारत होती. पण त्या गावात मुलाखतीची तयारी माझ्याआधीपासून, आणि माझ्यापेक्षा निष्ठेनं चालते, हे मला संध्याकाळी कळलं.

वसंतरावांच्या बैठकीत (दर्शनी खोलीत) रविवारी 'बोर्ड' भरतं. मराठी घरातल्या कुणाची मुलाखत जवळ आली, की जेवणाचं टेबल तिथे आणतात. मागे वसंतराव आणि त्यांचे मित्र भास्करराव बसतात. भास्करराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पेशव्यांच्या काळापासून इथेच असलेल्या घरातले. भर उन्हाळ्यात दोघंही कोट घालतात. उमेदवारानं ओसरीत थांबायचं, दार वाजवायचं, परवानगी मागून आत यायचं. बोर्ड उठेपर्यंत त्याला चहा नाही. या टेबलासमोर बसून कितीतरी पोरं रेल्वेत, बँकेत लागली, हे काकूंनी मला अभिमानानं सांगितलं. मला पाहुणी म्हणून तिसरी खुर्ची मिळाली आणि मी खूश होऊन बसले.

उमेदवार होती अश्विनी, शेजारची मुलगी. तिशीला टेकलेली, शिकवण्या घेणारी. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे गाव सोडणं शक्य नाही. फोनवर ऐकायच्या बुंदेली गोष्टी तयार करणाऱ्या एका कंपनीला लेखक हवा होता आणि मुलाखत दुसऱ्याच दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये होती. लिहून पोट भरायची संधी या गावात तिच्यापुढे पहिल्यांदाच आली होती.

बोर्डानं तिला नेहमीसारखंच तयार केलं. पाठ ताठ, हात मांडीवर, विचारतील तेवढंच बोलायचं, शुद्ध हिंदी, हसायचं नाही. भास्कररावांनी उत्तर प्रदेशातल्या नद्या विचारल्या. तिनं त्या घडाघडा सांगितल्या. मीही एक प्रश्न विचारला, 'तुमची बलस्थानं कोणती?' तिनं पाठ केलेलं उत्तर दिलं आणि मी चक्क शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बाजार दाखवायला घेऊन गेली. बड्या बाजारातून माणिक चौकात शिरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती शिवून होईपर्यंत आम्ही एका बांगडीवालीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. आत एक ठसठशीत बाई सुनेसाठी बांगड्या घेत होती आणि माप मात्र स्वतःच्या हाताचं देत होती. बांगडीवाली तिला बुंदेलीत काय म्हणाली ते मला कळलं नाही. मग अश्विनीनं माझ्या कानाशी तो सगळा संवाद पुन्हा केला. आधी सासू झाली, मग बांगडीवाली, मग घरी बसलेली, हातातून बांगड्या गळून पडणारी सून. ती सून तर तिच्या मनातलीच होती. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कालची ताठ पाठीची मुलगी हीच, यावर विश्वास बसेना.

तिथून रिक्षानं आम्ही थेट सिव्हिल लाइन्सला निघालो. वाटेत माझ्या ओठांवर आलं होतं, की अगं, आत जाऊन हेच कर, बोर्डानं सांगितलेलं सगळं विसर. पण माझा एक नियम आहे, सदरातही मी तो कितीदा लिहिला आहे: मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराला नवीन काही सांगू नये, तो गोंधळतो. शिवाय वसंतरावांच्या घरी जेवून त्यांचंच शिकवणं कसं मोडायचं, हाही संकोच होता. ती ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकत होती. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि गप्प बसले.

ती लवकर बाहेर आली. निकाल त्यांनी तिथेच सांगितला होता. नाही.

संध्याकाळी पुन्हा बोर्ड भरलं, कारण मुलाखतीनंतर प्रश्न-उत्तरं बोर्डाला सांगायची पद्धत आहे. यावेळी कुणी कोट घातला नव्हता. अश्विनीनं सांगितलं, की त्यांनी एकच मोठा प्रश्न विचारला: तुमच्या बाजारातलं एक माणूस आमच्यासमोर उभं करा.

"मग तू काय सांगितलंस?" वसंतरावांनी विचारलं.

तिनं सांगितलं होतं, की झाशीचा बाजार प्राचीन आहे, तिथे कापड, भांडी आणि बांगड्या मिळतात, आणि तो वाहतुकीच्या दृष्टीनं सोयीचा आहे.

"उत्तर तर बरोबर आहे," भास्करराव म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सकाळची बांगडीवाली यांना दाखव. ती नको नको म्हणाली. मग उठली, पदर नसताना पदर खोचला आणि वसंतरावांकडे बघत म्हणाली, "काय जिज्जी, चूड़ी बहू की चाने, और हात अपनौ नपवा रईं?" (काय ताई, बांगड्या सुनेला हव्यात आणि माप स्वतःच्या हाताचं देताय?)

पुढचा सगळा वेळ ती दोन्ही म्हातारी माणसं हसत होती. काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. तिच्या सोंगात सून आली तेव्हा मात्र भास्कररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग अश्विनी खाली बसली.

वसंतराव म्हणाले, "बेटा, तुला हे येतं, तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"काका, तुमच्यासमोर बुंदेली बोलायची मला लाज वाटायची," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्यासाठी एवढे बसत होतात. मला वाटलं, तुम्ही म्हणता तेच बरोबर असेल."

तिनं चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती आमची समजूत घातल्यासारखी म्हणाली. वसंतरावांनी टेबलाचं एक टोक धरलं, भास्कररावांनी दुसरं, आणि त्यांनी ते आत नेऊन ठेवलं.

सकाळी मला स्टेशनवर सोडताना वसंतराव म्हणाले, "ताई, आम्हाला जे येत होतं ते आम्ही तिला दिलं जी. तिला काय येतं, ते बघायचं राहून गेलं." मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण त्यांना निदान बाजारातली अश्विनी ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. मी रिक्षात तिच्या शेजारी बसले होते, आणि एक वाक्य बोलायला पुष्कळ वेळ होता.

नाशिकला येऊन काही महिने झाल्यावर मी तिला फोन केला. ती आता एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात बसते, आलेल्या पालकांना माहिती देते. नोकरी बरी आहे, घराजवळ आहे म्हणाली. लिहितेस का, असं विचारलं.

"नाही मावशी. घरी आलं की थकून जाते. आणि कोणासाठी लिहू?"

मी इतक्या मुलांना उमेद दिली, खचलेल्यांना उभं करणारी वाक्यं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही तिला सांगायची मला हिंमत झाली नाही. मग मी तिच्या आईची चौकशी केली.