माझं प्रकरण चिंताकीला वाचलं तेव्हा

कलबुर्गीच्या विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवायला लागले तेव्हा माझ्या तीन कादंबऱ्या निघाल्या होत्या आणि आपल्याला बरंच येतं, असा माझा समज होता. पहिल्याच वर्षी वर्गात मी माझ्याच एका कादंबरीतलं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात एक म्हातारी माळावर एकटी बसून मेंढीची लोकर कातरते. त्या प्रसंगाचं फार कौतुक झालं होतं.

वाचून झाल्यावर औराद तालुक्यातल्या चिंताकीची एक मुलगी उठली. तिच्या घरी अजून मेंढरं होती.

"मॅडम, राग न्हाई ना येणार?"

"नाही. बोल."

"आमच्यात बाया मेंढरं कातरत न्हाईत. ते बाप्यांचं काम. आन् ही तर मेंढी न धुताच कातरायलीय."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते. "कादंबरीत लेखकाला तेवढी मोकळीक असते," असं काहीतरी बोलून गेले. ती "व्हय मॅडम" म्हणून खाली बसली. तिनं ते इतक्या निमूटपणे ऐकून घेतलं, हेच मला दोन दिवस टोचत राहिलं. शेवटी तिला बोलावून विचारलं, "हे तुझ्या आईला ऐकवता येईल का?"

रविवारी आम्ही दोघी चिंताकीला गेलो. तिच्या आईनं चहा दिला, अख्खं प्रकरण मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "बाई चांगली हाय की ओ. पण एकटीला कामून बसवायलाव? कातरणीला सगळा गोतावळा जमतो. बापे कातरतात, आमी काळी-पांढरी लोकर निवडायची आन् गावभरच्या गोष्टी करायच्या."

तिथंच ओसरीवर बसून मी ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकरण नव्यानं लिहिलं. म्हातारी आता घोळक्यात बसून सुनेची नक्कल करते. एका समीक्षकाला जुनंच बरं वाटलं. मला नाही.

ती मुलगी आता बीदरला कॉलेजात शिकवते. तिचा कथासंग्रह आलाय. सुट्टीत आली की आमचा एखाद्या वाक्यावरून तासभर वाद होतो. मुलांची पानं वाचण्यात माझी एखादी कादंबरी राहून गेली असेल. त्याची हळहळ वाटत नाही. दर जूनमध्ये नवा वर्ग येतो आणि कादंबरी लिहायला किती दिवस लागतात, असं कुणीतरी विचारतंच. मला अजून नीट सांगता येत नाही.