मग लसूण किती घालायचा?

मी चौथीपर्यंतच शिकले. शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर माफ करा. रेखाताईंविषयी कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी लिहिते.

ताई घरोघरी फिरून माहिती लिहून घेणाऱ्या सर्वेक्षणाच्या बाई. सोलापुरात आमच्या गल्लीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी टॉवेलच्या कडा शिवत होते. चप्पल बाहेर काढून त्या फरशीवर बसल्या, मांडीवर टॅब घेतला, मुलं किती, पाणी कुठलं, विचारत गेल्या. मग माझ्या पिंकीला बाहेर खेळायला पाठवून दार लोटलं. पुढचे प्रश्न बाई एकटी असेल तरच विचारायचे, असा त्यांच्या कामाचा नियम होता.

"मालक मारतात का?"

मी घाबरले. हेच प्रश्न कितीतरी देशांतल्या बायकांना विचारतात, त्यामागं बाहेरच्या देशांचा पैसा आणि शिकवण आहे, आकडे सगळ्यांना बघायला मोकळे ठेवतात, असं त्यांनी समजावलं. म्हणाल्या, "नाव हितंच पुसतेत, वैनी. पुढं जातं ते नुसतं दुखणं."

मी पदर सारून गळा दाखवला. नवऱ्यानं शिलाई मशीनचा पट्टा आवळला होता. ताईंचं बोट टॅबवरच थांबलं. तेवढ्यात दार ढकलून तोच आत आला.

"मग लसूण किती घालायचा?" ताईंनी मला विचारलं. आवाजात जरासुद्धा फरक नाही.

पसाभर शेंगदाण्याला एक गड्डा, मी कशीबशी म्हणाले. नवरा हसला. "सरकार आता चटणी बी मोजतंय व्हय?"

कुणी आत आलं की चटणीवर जायचं, ही त्यांची ठरलेली रीत. "गल्लीगल्लीची चटणी पाठ हाय मला," असं त्या नंतर सांगत, "पण घरी करून बघायला जीव कुटं निवांत?" ऐकायचं, नोंदवायचं आणि मदतीचा नंबर द्यायचा, एवढीच त्यांना मुभा होती. तो नंबर मी लावला नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असायचा.

काही महिन्यांनी ताई पुन्हा आल्या, तेव्हा गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बाहेरच्या देशांकडून येणारी मदत एकाएकी थांबली होती. काम अर्ध्यावर सोडलं होतं, आणि आमची उत्तरं कुठल्याशा कॉम्प्युटरात अडकून पडली होती. कुणालाच ती बघता येत नव्हती.

"सगळ्यास्नी सांगितलं हुतं, तुमचं सांगणं वाया जाणार न्हाई," ताई म्हणाल्या. "आता कुणाला तोंड दाखवू?"

पुन्हा त्यानं पट्टा आवळला तर मी उरेन असं वाटत नाही, एवढंच मी म्हणाले. ताईंनी पर्समधून रुमालात बांधलेले पैसे काढले.

"पैसे द्यायचे न्हाईत, असा नियम हुता. नोकरीच गेली, आता कसला नियम?"

बार्शीत खोली धरायला पुरतील एवढे होते. नवरा कारखान्यात गेल्यावर मी पिंकीला आणि मशीनला घेऊन निघाले.

बार्शीत शिवणकाम करून जमतील तसे पैसे मी फेडत गेले. चटणीच्या डब्यात तळाशी पिशवीत गुंडाळून न्यायची. ताई सोलापूरच्या एसटी स्टँडवरच भेटत. घरी यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मला वाटे, घर लहान असेल.

उरलेले शेवटचे पैसे डब्यात घालून गेले, त्या खेपेला ताई स्टँडवर आल्या नाहीत. फोन बंद. विचारत विचारत घर शोधून काढलं. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. न्हाणीत घसरले, म्हणाल्या. मीही किती जणींना हेच सांगत आले होते. रुमालातले ते पैसे त्यांनी कशासाठी साठवले होते, ते मला तेव्हा कळलं.

मी दार लोटलं. त्यांच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "मालक मारतात का?"

त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. विचारायला आता कुणी येणारही नव्हतं. ताईंचे ओठ हलले, तोच दार उघडलं. त्यांचा नवरा. ताईंचा चेहरा पांढरा पडला.

मी परक्या माणसासमोर कधी बोलत नाही. पण डबा ताईंकडं सरकवला आणि विचारलं, "मग लसूण किती घालायचा, ताई?"

"एक गड्डा," त्या म्हणाल्या. "पसाभर शेंगदाण्याला."

डाव्या हातानं त्यांनी डबा मांडीवर ओढून घेतला. नवरा माझ्याकडं बघत उभाच राहिला, म्हणून मी उठले.

त्यांचे सगळे पैसे फिटले.