तोशीसताई

कचेरीसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक खोली आहे. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, तीन खुर्च्या, आणि त्यांतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली पस्तीस वर्षं तोशीसताई. खरं नाव विचारलंत तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. करारनामा, खरेदीखत, हमीपत्र, संमतीपत्र, जे काही टाइप करून हवं असेल ते घेऊन माणसं या खोलीत येतात आणि ताईंच्या चष्म्याखालून जाऊन मगच समोरच्या कचेरीत पोचतात.

हे टोपणनाव त्यांनी कमावलेलं आहे, आणि तेही चूक करून. नोकरीचा पहिला महिना होता. खोलीचे मालक तेव्हा दस्तलेखक काका. ते तोंडाने सांगत आणि ताई टाइप करत. कुठल्याही खरेदीखतात शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असतं: या मिळकतीवर कोणी हक्क सांगत आला तर त्याचं निवारण लिहून देणार करतील, त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत. म्हणजे विकणारा घेणाऱ्याला सांगतो, बाबा रे, माझ्या भानगडी मी निस्तरेन, तुला झळ लागू देणार नाही. ताईंनी त्या वाक्यात 'देणार' आणि 'घेणार' यांची अदलाबदल केली. कोणी वाचलं नाही, सह्या झाल्या, कचेरीत शिक्के बसले. एका गरीब शाळामास्तराने घर विकत घेतलं आणि कागदोपत्री विकणाऱ्याच्या चार भावांची भांडणंही विकत घेतली.

आठ दिवसांनी काकांच्या ते ध्यानात आलं. ते रागावले नाहीत. सायकल काढली, दोन्ही घरं गाठली, हातापाया पडून चूकदुरुस्तीच्या कागदावर सह्या आणल्या आणि संध्याकाळी घाम पुसत एवढंच म्हणाले, "पोरी, 'दे' आणि 'घे' यांत एका अक्षराचा फरक. पण मास्तर राहतो त्या अक्षरावर."

तेव्हापासून तोशिशीचं वाक्य आलं की ताई कागदावर बोट ठेवतात आणि शब्द न् शब्द मोठ्याने वाचतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ताई तर पाणीसुद्धा फुंकून पितात. वकिलांचे कारकून त्यावरून थट्टा करायचे. "आली का तोशीस?" असं दारातूनच विचारायचे. थट्टेचं नाव झालं, नावाची ओळख झाली. काका गेले, टंकयंत्र जाऊन संगणक आला, तरी बोट तिथेच राहिलं.

घरी ताई, धाकटा भाऊ, भावजय आणि भाची, अशी चार माणसं. ताईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना त्या "जमलं नाही" एवढंच सांगतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खंत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. धाकटा परांची बांधतो. इमारतीला रंग द्यायचा, गिलावा करायचा, की लोखंडी पाइप आणि फळ्यांचा जो सांगाडा बाहेरून उभा राहतो, तो त्याचा. बोलायला भोळा, चढायला माकड आणि कागद दिसला की मांजरासारखा पाय काढणारा. त्याच्या हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि बावीस वर्षांत त्यांतला एकही खाली पडलेला नाही. हे तो स्वतः सांगत नाही, ताई सांगतात, आणि न विचारता सांगतात.

तर झालं असं की धाकट्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. सहा मजली इस्पितळ, चारही बाजूंनी परांची, चार महिने. काम देणारी कंपनी रंगकामातली मोठी. बारा पानांचा करार हातात देऊन त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी अकराला या, सही करा, परवा पाइप उतरवा. धाकटा तो करार घेऊन दुपारी ताईंच्या खोलीत आला तो चेहरा लग्नघरासारखा करून.

"ताई, एकदा नजर टाक. नुसती हं. मला सही करायचीच आहे."

ताईंनी नजर टाकली. तेराव्या कलमापर्यंत नजरच होती, चौदाव्यावर बोट आलं. त्या मोठ्याने वाचू लागल्या: "परांचीवर, परांचीखाली अथवा परांचीच्या आसपास, कोणाच्याही कृतीमुळे वा हयगयीमुळे, कोणासही इजा अगर कोणतेही नुकसान झाल्यास त्याची संपूर्ण भरपाई लिहून देणार करतील व त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत." बोट मागे गेलं आणि एका शब्दावर थांबलं.

"लिहून देणार कोण?"

"मी."

"घेणार?"

"कंपनी. ताई, हे सगळीकडेच असतं. तूच म्हणतेस."

"असतं. पण हा 'कोणाच्याही' सगळीकडे नसतो." ताईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की भाषण होतं, हे धाकट्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो खुर्चीत बसला. "हे बघ. शेजाऱ्याची शिडी तू मागून आणलीस. चढलास, पाय घसरला, पडलास. शेजाऱ्याला मी बोल लावणार नाही, हे त्याला आधी सांगून ठेवणं, ही झाली एक गोष्ट. ती सांगावी. आता तुझ्या हातून वरून डबा सुटला आणि वाटसरूच्या डोक्यात पडला. तो वाटसरू गेला शेजाऱ्याच्या दारात, शिडी त्याची म्हणून. तेव्हा 'तुम्ही बाजूला व्हा, याचं मी भरून देतो', असं तू म्हणायचं, ही दुसरी. तीही करावी, चूक तुझी आहे. पण समज, तू वर असताना शेजाऱ्याने स्वतःच खालून शिडी हलवली..."

"आणि मी पडलो."

"तू पडलास, आणि डबा वाटसरूला लागला, आणि तरीही सगळं तूच निस्तरायचं. ते या शब्दात आहे. एकाची म्हैस आणि दुसऱ्याला उठबैस."

मग धाकट्याने नको तो प्रश्न विचारला. "ताई, बावीस वर्षांपूर्वी पाइपवाल्याकडे तू माझ्यासाठी सही केली होतीस. तो कागद तू वाचला होतास?"

या प्रश्नाचं थोडं सांगायला हवं. धाकट्याकडे सुरुवातीला एक पाइप नव्हता. भाड्याने देणारा म्हणाला, कोणीतरी लिहून द्या की काही झालं तर आम्हाला तोशीस लागणार नाही. लिहून देणार म्हणून ताई उभ्या राहिल्या. पहिल्याच वर्षी हातगाडीवाल्याने पाइप उतरवताना एका चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच फोडली. चूक गाडीवाल्याची, तो पसार. काच ताईंनी भरून दिली, आणि विजेवर चालणारं टंकयंत्र घ्यायचं ठरवलं होतं ते पुढे ढकललं. पुढची चार वर्षं त्या जुन्याच यंत्रावर बोटं आपटत राहिल्या. धाकट्याला त्यांनी सांगितलं होतं की विजेच्या यंत्राचा आवाज त्यांना सहन होत नाही.

"वाचला होता," ताई म्हणाल्या.

"त्यात 'कोणाच्याही' होतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय? तू भाऊ आहेस. कंपनी तुझी कोण लागते?" असं म्हणून ताईंनी चष्मा पुन्हा चढवला. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

धाकट्याला रात्रभर घोर लागला, तो खरा होता. शब्द बदलायला सांगावं आणि कंपनीने कामच दुसऱ्याला द्यावं, तर? नऊ माणसांना त्याने काम सांगून ठेवलं होतं. आणि शब्द तसाच ठेवून सही करावी, तर सहा मजल्यांवरचे चाळीस रंगारी काय करतील ते त्याच्या हाती नव्हतं. ते काय करतात हे मात्र त्याला चांगलंच माहीत होतं, आणि सकाळी वाटेत त्याने ते ताईंना सांगितलं.

कंपनीचे साहेब तसे भले माणूस. चहा मागवला. पण शब्द बदलायचा म्हटल्यावर त्यांनी हात वर केले. "बाई, हे छापील आहे. छापील बदलत नाही."

"साहेब, मी पस्तीस वर्षं छापतेय," ताई म्हणाल्या. "हवं तर इथेच बदलून देते."

साहेबांना हसू आलं. ताईंना तेवढी फट पुरली. "मला एक सांगा. परांची भिंतीला जिथे बांधलेली असते, त्या बांधाच्या मागे रंग पोचतो का?"

"नाही पोचत."

"मग तुमचे रंगारी काय करतात?"

साहेबांनी कप खाली ठेवला. काय करतात ते त्यांना ठाऊक होतं. बांध सोडतात, रंग मारतात, आणि दहापैकी तीन वेळा परत बांधायला विसरतात. "सांगतो हो आम्ही त्यांना," ते पुटपुटले.

"सांगत असालच. पण त्यांनी नाही ऐकलं तर याने भरायचं? याच्या माणसांनी चूक केली तर हा घर विकून भरेल, ते मी स्वतः टाइप करून देते. दुसऱ्याच्या चुकीचं लिहून घेऊ नका एवढंच म्हणते."

धाकटा छताकडे बघत होता. साहेबांनी आतल्या खोलीतून कंपनीच्या वकीलबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी कलम वाचलं, ताईंचं बोट कुठे आहे ते बघितलं आणि सरळ साहेबांना म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं आहे हे. शिवाय एवढ्या मोठ्या अपघाताचं हे कुठून भरणार? भरता येत नाही त्याच्याकडून लिहून घेऊन आपल्याला काय मिळणार? ज्याची चूक त्याने भरावं, आणि दोघांनीही विमा उतरवावा." मग ताईंकडे वळून, "कुठल्या वकिलांकडे काम करता तुम्ही?"

"कुठल्याच नाही. मी टायपिस्ट आहे."

'कोणाच्याही' गेला. त्याच्या जागी 'लिहून देणार यांच्या अथवा त्यांनी नेमलेल्या माणसांच्या' आलं. खाली एक ओळ वाढली, की रंगाऱ्यांच्या हयगयीची तोशीस लिहून घेणार हे लिहून देणार यांस लागू देणार नाहीत. म्हणजे तेवढ्या ओळीत कंपनी देणारी झाली आणि धाकटा घेणारा. ताईंनी दोन्ही वाक्यं बोट ठेवून दोनदा वाचली. धाकट्याने सही केली, आणि बाहेर आल्यावर जिन्यातच मोठ्या बहिणीला कडकडून मिठी मारली. ताई म्हणाल्या, "बास. लोक बघतायत."

काम चार महिने चाललं. तिसऱ्या महिन्यात रंगाऱ्यांनी एक बांध सोडला तो सोडलाच, आणि दुसऱ्या मजल्यावरून एक फळी सुटून खाली आली ती नेमकी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर. पहारेकरी तेव्हा चहाला गेला होता, त्यामुळे मेली ती खुर्चीच. कंपनीने मुकाट्याने नवी आणून दिली, हात असलेली, गादीची. पहारेकरी अजूनही त्या रंगाऱ्याला दुवा देतो.

काम संपल्यावरच्या आठवड्यात, ऐन दुपारी, धाकटा पुन्हा ताईंच्या खोलीत आला. हातात दोन कागद. एक जुना, घडीवर फाटलेला: पाइपवाल्याचं हमीपत्र. आता धाकट्याचे स्वतःचे पाइप होते, म्हणून तो ते सोडवून घेऊन आला होता. त्याने ताईंच्या देखत त्याचे चार तुकडे केले. दुसरा कागद वहीच्या पानावर, हाताने लिहिलेला, अक्षर परांचीसारखं आडवंउभं. बावीस वर्षं कागदाला भिणाऱ्या माणसाने तो लिहायला किती वेळ घेतला असेल, ते पानावरच्या खाडाखोडीवरून दिसत होतं.

"वाच," तो म्हणाला. "टाइप नको करूस. नुसता वाच."

ताईंनी बोट ठेवलं. "लिहून देणार: ताई. लिहून घेणार: मी. कारणे लिहून देतो की, आजपासून घरात, दवाखान्यात, म्हातारपणात, कोणाच्याही कृतीमुळे काहीही झाल्यास त्याचे निवारण लिहून देणार करतील, त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत."

ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं.

"अरे गाढवा, उलटं लिहिलंयस. यात पुन्हा मीच तुझं सगळं निस्तरायचं."

धाकट्याने कपाळावर हात मारला. "दे इकडे, फाडतो. दुसरा लिहितो."

कोणे एके काळी ताईंनी तो कागद तसाच घडी घालून पर्समध्ये ठेवला असता, आणि शब्दाप्रमाणे निभावलाही असता. आज त्यांनी लाल पेन उचललं. 'देणार'पुढचं 'ताई' खोडून 'धाकटा' केलं, 'घेणार'पुढचं 'मी' खोडून 'ताई' केलं. 'लिहून घेणार' या शब्दांपुढे त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच लिहिलं.

"खाडाखोड झाली. इथे सही कर. इथेही."

त्याने केली. ताई पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या आणि बोट 'कोणाच्याही'वर थांबलं.

"या शब्दावर सही करायची नसते. सांगितलं होतं ना?"

"तू केली होतीस," धाकटा म्हणाला.

ताईंनी बोट तिथून उचललं, पुढच्या शब्दावर ठेवलं, शेवटपर्यंत वाचलं आणि कागद ठेवून घेतला.