धाकू तांडेलांची मूठ

किस्से धरायला जाळं टाकावं लागत नाही. चार खलाशी एका आजाऱ्याच्या खाटेभोवती बसवा, बास. आमचे तांडेल धाकूदादा, होडीवर हुकूम त्यांचा. रेवसच्या खाडीत त्यांचा मचवा. शिमग्याच्या सुमाराला त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि आम्ही मचवा सोडून त्यांच्या खाटेवर कामाला लागलो.

अलिबागचे डॉक्टर सांगून गेले, "सकाळ-संध्याकाळ तुम्हीच त्यांचे हातपाय हलवा. कूस बदला, पाय उंच ठेवा. नाहीतर सूज चढेल, सांधे धरतील."

धाकूदादांनी एवढंच विचारलं, "नारली पुनवेला सुकानू धरीन ना?"

"बोटं उघडती राहिली तर," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आम्हा सगळ्यांचा जीव त्या उजव्या मुठीत अडकला.

*

पाय उंच ठेवा म्हणे. आमच्यातल्या पोसूनं मचव्यावरची कप्पी आणली, आढ्याला बांधली आणि तांडेलांचा पाय शिडासारखा वर चढवला. दादांच्या बायको हिरूवहिनी बाजारातून येऊन बघतात तर नवरा अर्धा लटकलेला.

"मेल्यांनो, मानूस हाय का बोंबील? वालत घातलाव त्यो?"

मग पेंढ्याची गादी झाली, पाय तिच्यावर गेला, सूजही उतरली. कप्पी मात्र वहिनींनी परत दिली नाही. तिला शिंकं टांगलं.

*

तेल लावून हलक्या हातानं चोळा, असंही डॉक्टर म्हणाले होते. कुठलं तेल, ते बोलले नव्हते. आमच्याकडे तेल म्हणजे मचव्याच्या लाकडाला लावतात ते, मुशी माशाचं. चांगलं सढळ हातानं लावलं. दुपारपर्यंत गावातली झाडून सगळी मांजरं खाटेखाली!

धाकूदादांची जीभ तेव्हा जडच होती. तरी म्हणाले, "आता डांबर पन फासा."

*

खरी पंचाईत वेगळीच होती. गुडघा वाकवला, बोटं ताणली की त्यांना दुखायचं आणि ते ओरडायचे, "सोड!" तांडेलानं सोड म्हटल्यावर धरून ठेवायचं, हे आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं. लगेच सोडायचो. असं करता करता बोटं आत वळायला लागली.

हिरूवहिनींनी ते बघितलं आणि आम्हाला बाजूला केलं. नवऱ्याला म्हणाल्या, "दर्यान तुमी तांडेल. खाटंवर मी. हितं सोड म्हनायचं ते मी म्हनीन."

पुढे रोज त्याच ती बोटं हळूहळू उघडायच्या. दादा कळवळायचे, वहिनींचेही डोळे भरायचे, पण हात थांबायचा नाही. मला बघवायचं नाही. मी अंगणात जाऊन उगाच जाळं विणत बसायचो.

*

नारळी पुनवेला आम्ही चौघांनी धाकूदादांना उचलून मचव्यात बसवलं आणि त्यांची मूठ सुकाणूवर ठेवली. मुठीनं सुकाणू धरलं. खाडीच्या तोंडाशी गेलो, नारळ सोडला, नीट माघारी आलो. सुकाणूला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

मचवा किनाऱ्याला लागला. पोसू म्हणाला, "दादा, सोडा आता."

मूठ हलेना.

मीही म्हणालो, "दादा, सोडा." काही नाही. मला वाटलं, धरले सांधे, आता काय करायचं?

दादा आमच्याकडे बघतच नव्हते. हिरूवहिनी गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या होत्या, तिकडे बघत होते.

वहिनी म्हणाल्या, "सोडा."

पाचही बोटं उघडली.