चारोटीला मोडलेला सौदा

वसंताचा पहिला अल्बम आज कुरियरने आला. माझा हा धाकटा भाऊ ब्लूज-रॉक गिटार वाजवतो, आता पन्नाशीला आलाय. कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मी पंचवीस वर्षं मागे, चारोटीच्या हॉटेलात जाऊन बसलो.

मुंबईहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. गिटार ऐकून तो खूश होता, फक्त दोन गाणी हिंदीत हवी म्हणाला. चिकूच्या धंद्यात मी शून्यातून वर आलेलो. गिऱ्हाईक अडलं की उठून चालू लागायचं, मागून हाक येतेच.

"दादा, करतो मी दोन गाणी," वसंता म्हणाला.

"तू गप. शेठ, जमत नाही." मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

हाक आली नाही. चिकूच्या गिऱ्हाइकाला ट्रक भरायचा असतो, या माणसाला कसलीच घाई नव्हती, हे आता कळतं. चहा संपवून त्याने गाडी मुंबईच्या रस्त्याला लावली.

"वळेल बघ," मी म्हणालो.

वसंता आजवर त्याबद्दल बोललेला नाही. राग मला त्या न बोलण्याचाच आहे. एकदा भांडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. तो नुसता गिटार पाठीला लावून डहाणूच्या एसटीकडे चालू लागला, आणि मला त्याला हाक मारता आली नाही.